अनुभव धागा: बातमी चुकली, मग तुम्ही काय केलंत?

नाशिककरांनो, हा धागा काढायला कारण घरचंच आहे. आमच्या सोसायटीतल्या टँकरच्या हिशोबावरून एका दैनिकात चार कॉलमी बातमी आली. सेक्रेटरींनी पैसे खाल्ले, असा सूर. छापण्याआधी त्यांना एक फोनसुद्धा केलेला नव्हता. मी संपादकांना तीन पत्रं लिहिली, हिशोबाच्या झेरॉक्स घेऊन दोनदा कार्यालयात गेलो, तेव्हा कुठे खुलासा आला. मी सरळ फूटपट्टी लावली. बातमी २४ सेंटिमीटर, खुलासा ३. तोही आतल्या पानावर, गंगाघाटावरच्या दशक्रिया विधीच्या जाहिरातींखाली. पुढे सेक्रेटरींच्या मुलीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी टँकरचा विषय काढलाच. बातमी सगळ्यांनी वाचली होती, खुलासा कुणीच नाही.

तुमच्यापैकी कुणी असा पाठपुरावा केला असेल, जमलेला असो वा फसलेला, तर इथे लिहा. पेपरचं नाव नको, काय केलंत ते हवं.

टोमॅटोवाला, दिंडोरी
आमचा फसलेला. २०२० चा मे महिना, लॉकडाऊन. तिकडं नगर-पुणे पट्ट्यात टोमॅटोवर रोग आला होता. फळ एकसारखं पिकायचं नाही, पट्टे पडायचे, म्हणून लोक त्याला तिरंगा म्हणायचे. रोग खरा होता, त्यात वाद नाही. पण एका वाहिनीनं हा विषाणू जणू माणसालाच धरणार अशा थाटात बातमी चालवली. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, हे विचारायला एखाद्या कृषी सहायकाला फोन लावला असता तरी पुरलं असतं. आमचा माल ऑगस्टनंतर निघतो आणि पिंपळगावला जातो, पण रोपांची ऑर्डर मे-जूनमध्येच द्यावी लागते. मी बारा हजार रोपं सांगितली होती, घाबरून सहा केली. खाणारेच भ्यायले तर पिकवून विकायचं कुणाला?

टीव्हीसमोर मोबाईल धरून शूटिंग केलं होतं. भाच्यानं मेल लिहून दिला. मग कळलं की बातमी पहिल्यांदा दाखवल्यापासून सात दिवसांच्या आत आधी वाहिनीकडेच तक्रार करायची असते. आमचा मेल गेला दहाव्या दिवशी. शेतकऱ्याला सात दिवसांचं औषध फवारणीचं माहीत असतं, तक्रारीचं कोण सांगणार?

सीबीएसजवळचा वकील
वरच्या अनुभवावर एक भर. लोक प्रत्येक तक्रार घेऊन 'प्रेस कौन्सिलला लिहितो' म्हणतात. ती फक्त छापील माध्यमं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे, वाहिन्यांसाठी नाही. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची, आणि त्याआधी संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडायची. १९७८ च्या कायद्यानुसार कौन्सिल ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. मग उपयोग काय, असं पक्षकार विचारतात. मी म्हणतो, संपादकाला गेलेलं पहिलं पत्र नीट लिहा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

इंदिरानगरची भिशी
आमची भिशी सोळा जणींची. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी एका रविवारी पोहे होईपर्यंत मैत्रिणीच्या हॉलमध्ये तीन पेपर पसरले होते. 'प्रचारफेरीला उत्स्फूर्त प्रतिसाद, माता-भगिनींनी केले औक्षण.' तिन्हीकडे शब्द न् शब्द तोच, फोटो तोच. तोपर्यंत आम्ही हसत होतो. मग एकीला दिसलं की मजकुरात 'औक्षन' छापलंय, तेही तिन्हीकडे! तीन बातमीदारांची नजर एकसारखी असू शकते हो, पण 'न' सुद्धा एकच?

कात्रणं वहीत चिकटवली, तारीख आणि पान क्रमांक घातला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणीकरण समितीकडे अर्ज दिला. बातमी पेड, म्हणजे पैसे घेऊन छापलेली ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरतात, आणि विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. त्यामुळे उमेदवाराला ते झोंबतं. आम्हाला पोच मिळाली, पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. मात्र पुढच्या आठवड्यात 'औक्षण' शुद्ध छापून आलं. आमचं यश तेवढंच, पण वही चालू आहे.

तालुका वार्ताहर (नाव विचारू नका)
फूटपट्टीवाल्या काकांचं पटलं, पण आमचीही बाजू ऐका. मथळा मी देत नाही, डेस्क देतं, म्हणजे कार्यालयात बातम्या संपादित करणारे. मी 'हिशोबावरून वाद' पाठवलं की सकाळी 'लाखोंचा घोटाळा?' वाचायला मिळतं. प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली! मानधनात गाडीचं पेट्रोल निघत नाही आणि नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती मीच गोळा करायच्या. आज ज्याच्याकडून जाहिरात घेतली, उद्या त्याच्याच रस्त्याच्या कामातले खड्डे कसे मोजू? ६ जानेवारीला पत्रकार दिनी आम्हाला शाल-श्रीफळ देणारेही तेच. चूक दिसली तर मला जरूर झापा, पण पत्र संपादकांच्या नावानं, लेखी पाठवा. माझ्या फोनवरच्या शिव्या वरपर्यंत पोचत नाहीत.

सिडकोतली एक आई
थोडक्यात लिहिते, जास्त लिहवत नाही. आमच्या गल्लीतल्या एका लहान मुलीवर अत्याचार झाला. बातमीत कंसात 'नाव बदलले आहे' असं होतं. आणि खाली शाळा, इयत्ता, गल्लीतलं देऊळ, वडिलांची रिक्षा. नाव सोडून सगळं! संध्याकाळपर्यंत त्यांच्या दाराशी बायका उभ्या. पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाची ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही, शाळा आणि शेजारसुद्धा. आम्ही सात जणी ते कलम लिहून घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या उपसंपादकांनी ऐकून घेतलं, ऑनलाइन बातमी आमच्यासमोर दुरुस्त केली. छापलेली परत कशी घेणार? ते कुटुंब आता नाशकात राहत नाही.

पंचवटीतला पेपर टाकणारा
पेपर बंद करताना लोक नुसतं 'उद्यापासून नको' म्हणतात. कारण चिठ्ठीवर लिहून द्या ना राव. मी एजंटला देतो. एका बिल्डिंगीतल्या आठ घरांनी तसं केलं, तर तिसऱ्या दिवशी वितरणवाला माणूस जिना चढून आला होता.

सातपूरकर
पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात संपादक, मुद्रक, प्रकाशक, पत्ता सगळं असतं. पण आमच्या कंपनीच्या गेटवर माईक घेऊन येतो त्याचं चॅनेल मोबाईलवरच असतं. माझ्या भावाला संपात 'गुंड' म्हटलं त्यानं. कुठेच पत्ता नाही. पत्र टाकायचं कुठे?

धागाकर्ता
सातपूरकर, त्यानं व्हिडिओ काढून टाकण्याआधी तो उतरवून ठेवा, वर तारीख येईल असा स्क्रीनशॉट घ्या. पत्ता मलाही सापडलेला नाही. वकीलसाहेब, बघता का? आणि भिशीवाल्या ताई, ती वही रविवारी बघायला मिळेल का? पोहे मी आणतो.