रविवारची उपासना नवीन माणसासाठी की मंडळीसाठी?

अजनीवाला_भाऊ
जय मसीह की सगळ्यांना. आमची नागपुरातली छोटी ल्यूथरन मंडळी (चर्च), बरीचशी घरं छिंदवाडा-बैतूलकडून नोकरीसाठी आलेली, मराठी हिंदी दोन्ही चालतं. सध्या कमिटीत दोन तट पडलेत. तरुण संघ म्हणतो पापांगीकार (मिळून पापं कबूल करणं), विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते मिळून म्हणणं), ते उठणं-बसणं सगळं कमी करा, सुरुवातीला गिटार-ड्रमवर गाणी आणि मग एक सोपा उपदेश, म्हणजे ऑफिसातला मित्र आणला तर तो कंटाळणार नाही. मोठी माणसं म्हणतात आम्ही आठवडाभराचं ओझं घेऊन येतो, आम्हाला वचन (बायबल) आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) पाहिजे, दर रविवारी "प्रभूला स्वीकारा" एवढंच ऐकलं तर आमची वाढ कधी होणार? मला दोन्हीकडचं पटतं, म्हणूनच अडचण आहे. गेल्या ईस्टरला माझा हिंगणा एमआयडीसीतला मित्र आला होता, मी क्वायरमध्ये होतो म्हणून तो मागे एकटा. सगळे उभे राहिले की हा पण घाईघाईने उभा, पुस्तक हातात पण पान कोणतं ते माहीत नाही, शेजारच्यांनी बोटाने पण दाखवलं नाही. प्रभुभोजनाला लोक पुढे गेले तेव्हा अख्ख्या बाकावर तो एकटाच बसलेला. त्यानंतर तो आला नाही. तुमच्याकडे कसं करता?

दृढीकरण_वर्गवाली_ताई
भाऊ, हा वाद आजचा नाही. आपल्या पंथाचा मूळ सुधारक मार्टिन ल्यूथर, त्याने १५२६ मध्ये जर्मन भाषेतली उपासना तयार केली तेव्हा प्रस्तावनेतच लिहिलं की येणाऱ्यांत कितीतरी असे आहेत जे अजून विश्वास ठेवत नाहीत, काही नवं दिसतं का म्हणून उभे राहून बघतात, म्हणजे जणू भर मैदानात परक्यांमध्येच उपासना चाललीय. तरी त्याने त्यांच्यासाठी उपासना पातळ केली नाही, त्यांच्या भाषेत आणली. मनापासून ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांनी घरी जमावं, प्रार्थना करावी, वचन वाचावं असंही तो सुचवतो, फक्त त्यासाठी लागणारी माणसं आपल्याकडे अजून नाहीत असं स्पष्ट सांगतो. आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराच्या (ल्यूथरन मंडळ्यांचं मूळ विश्वासपत्र, १५३०) २४ व्या कलमात पण हेच आहे, विधी कशाला तर न जाणणाऱ्यांना शिकवायला. मग जो विधी कोणालाच काही शिकवत नाहीये तो काढून टाकायच्या आधी समजावून तरी सांगा ना! पापांगीकाराच्या आधी पाळकांनी दोन वाक्यं बोलावी, आपण हे का म्हणतो आणि यानंतर देवाच्या नावाने क्षमा जाहीर होणार आहे. माझ्या वर्गातल्या पोरांनाही ते माहीत नसतं, त्यांचेही डोळे उघडतात.

आणि ठरलेले शब्द काढू नका हो. आमच्याकडे एक आजोबा अंथरुणाला खिळलेत, उपदेश त्यांना आता समजत नाही, पण पाळकांनी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं की ओठ हलतात, शेवटपर्यंत एक शब्द चुकत नाही. दर महिन्याला उपासना बदलली असती तर त्यांच्याजवळ आज काय उरलं असतं?

गड्डीगोदाम_तबला
ताईंचं बरोबर, पण पोरांचंही ऐका न भाऊ. त्याच विश्वासपत्राचं ७ वं कलम सांगते की सुवार्ता शुद्ध शिकवली जावी आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) नीट दिले जावे, एकीसाठी तेवढं बस, माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्या असायची गरज नाही. मग गिटारवर काहून भांडून राहिले? पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची ख्रिस्ती भजनं घ्या, बाहेरच्या माणसाला ती चाल ओळखीची वाटते आणि आपल्या आजीबाईंना तोंडपाठ असतात, दोघंही एकाच वेळी गातात.

टिळकांवरूनच एक सांगतो. रेव्हरंड ना. वा. टिळक एकेकाळी इथेच नागपुरात राहून काम करत होते. त्यांच्या हाती नवा करार (बायबलचा दुसरा भाग) आला तो राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात, एका सहप्रवाशाने दिला, चर्चच्या बाकावर नाही. मग वाचन, पत्रव्यवहार, आणि १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. म्हणजे सुवार्ता सोमवार ते शनिवार डब्यात, कॅन्टीनमध्ये सांगायची आणि ती आपण सांगायची. आपण ते करत नाही म्हणून सगळा भार रविवारच्या दीड तासावर टाकून राहिलो.

तरुण_संघ_मिहान
दादा, तरीपण तो माणूस शेवटी रविवारी येणारच ना. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात म्हणतो बाहेरचा माणूस आत आला आणि त्याला काही कळलं नाही तर तुम्हाला वेडेच म्हणेल. आम्हाला उपासना मोडायची नाहीये, आम्ही आणलेल्या मित्राची लाज जाऊ नये एवढंच.

पाळक_निवृत्त
बाळा, तुझं म्हणणं रास्त आहे. उपदेशाबद्दल सांगतो, नवीन माणसासाठी वेगळी सुवार्ता आणि जुन्यासाठी वेगळी असं नसतं. देवाच्या नियमाने (आज्ञांनी) पाप दाखवायचं आणि ख्रिस्ताने काय केलं ते सांगायचं, चाळीस वर्षं बाकावर बसणाऱ्यालाही तेच लागतं. जुन्यांची वाढ होत नाही याचं कारण बहुतेकदा हे की उपदेशात सुवार्तेऐवजी नुसते सल्ले असतात.

प्रभुभोजनाचं मात्र आधीच ठरवून ठेवा. पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याची तयारी करणारे वचन ऐकून प्रभुभोजनाआधी बाहेर जात, आपण कोणाला बाहेर पाठवत नाही. पाळकांनी मोठ्याने सांगावं की ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनीही पुढे यावं, हात छातीवर घ्यावे, त्यांना आशीर्वाद देऊ. म्हणजे बाकावर कोणी एकटं राहत नाही आणि संस्काराचा मानही राहतो. शिकायची इच्छा असेल त्याला ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी (विश्वासाची मूळ शिकवण देणारं छोटं पुस्तक) घरी शिकवा, चहा घेत घेत, घाई न करता.

अजनीवाला_भाऊ
सगळ्यांचे आभार. कमिटीत दोन गोष्टी मांडतो, प्रत्येक नवीन माणसाशेजारी घरचं कोणीतरी बसेल, आणि आशीर्वादाची सूचना पाळक दर वेळी देतील. मित्राला मी स्वतः फोन करतो, पुढच्या वेळी क्वायर सोडून त्याच्याजवळ बसेन. ताई, ती पापांगीकाराआधीची दोन वाक्यं मराठी आणि हिंदीत लिहून देता का, आमच्याकडे दोन्ही लागतील.