पदविका की पदवी, हे आधी ठरवा

ताई, मुलाने पशुसंवर्धनाची पदविका करून लगेच जनावरांचा दवाखाना टाकावा का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नको. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार स्वतंत्र उपचार नोंदणीकृत पशुवैद्यक पदवीधरालाच करता येतात. पदविकाधारकाला किरकोळ सेवा, त्याही डॉक्टरच्या देखरेखीखाली.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं, शिवाय ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. इंग्रजीचे गुणही पात्रतेत धरतात, पोरं नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. प्रवेश नागपूरच्या माफसूमार्फत, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत होतो. एमबीबीएसच्या फॉर्ममध्ये हा पर्याय नसतो, अर्ज वेगळा भरा.

काम कसं असतं तेही त्याला कळू द्या. व्यालेली म्हैस कॅल्शियम कमी होऊन बसली, की कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यावी लागते, तीही कोमट करून, अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. घाई केली तर हृदय बंद पडून जनावर जागीच जातं. वासराची मान मागे वळून अडलेली गाय मध्यरात्रीही सोडवावी लागते. म्हणून अर्ज भरण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात त्याला आठवडाभर बसवाच.