सानियाने एकेरी सोडायला नको होती

बेसलाइनवाला
सानिया मिर्झाचं नाव निघालं की आपण थेट सहा ग्रँड स्लॅमवर येतो. तीन महिला दुहेरीतली, तीन मिश्र दुहेरीतली. एप्रिल २०१५मध्ये दुहेरीत जगात पहिली. अभिमान मलाही आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती २००५ची सानिया. दुबईत तिने स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हाला, म्हणजे तेव्हाच्या यूएस ओपन विजेतीला हरवलं. हैदराबादची स्पर्धा जिंकली, यूएस ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेली. ऑगस्ट २००७मध्ये एकेरीत २७वा क्रमांक. भारतीय मुलीचा एवढा सणसणीत फोरहँड त्याआधी कुणी पाहिला होता?
आणि २०१२च्या मोसमानंतर, अवघ्या सव्विसाव्या वर्षी तिने एकेरी थांबवली. चीनच्या ली नाने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकोणतिसाव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली. सानियाने आणखी दोन-तीन वर्षं झुंजायला हवं होतं. आपल्याकडची एकेरीची वाट तिथेच संपली.

फिजिओ_ठाणे
ज्या फोरहँडवर तुम्ही फिदा आहात, त्याची सगळी ताकद मनगटाच्या झटक्यात होती. उजव्या मनगटावर २००८मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते दुखत असल्याने तिला पहिल्याच फेरीत सामना अर्धवट सोडावा लागला. गुडघ्यांचं दुखणं वेगळंच. एकेरीत दर दुसऱ्या गेमला सर्व्हिस आणि संपूर्ण कोर्ट पळायचं, दुहेरीत चार गेममध्ये एकदाच सर्व्हिस आणि अर्धं कोर्ट. हे काम करणाऱ्या माणसाला विचारा, दुखऱ्या मनगटासाठी हा फरक केवढा असतो. शिवाय तिने झुंज दिलीच. २०११मध्ये एकेरीत ती पुन्हा पहिल्या शंभरात आली होती. आणखी किती द्यायची?

बेसलाइनवाला
मनगटाचं दुखणं मी नाकारत नाही. पण दुहेरीचं मोल किती, ते खुद्द विम्बल्डननेच सांगितलंय. २०१५मध्ये एकेरीच्या विजेतीला १८,८०,००० पौंड, दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघींत मिळून ३,४०,०००.

मीनल
मग तिने कमी पैशांची वाट धरली, हे तिच्या बाजूनेच झालं ना!
२०१५ची ती विम्बल्डनची फायनल पुन्हा बघा, दादा. समोर माकारोवा आणि वेस्निना ही रशियन जोडी. पहिला सेट गेलेला, दुसरा टायब्रेकवर कसाबसा वाचवलेला, तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी. तिथून सानिया आणि तिची जोडीदार मार्टिना हिंगिसने तो सेट ७-५ घेतला. ५-५ला अंधार पडला म्हणून छप्पर बंद करावं लागलं, तरी लय तुटली नाही. पुढे या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. हिंगिस म्हणजे एकेरीची पाच ग्रँड स्लॅम जिंकलेली बाई, तिने जोडीदार निवडताना काही पाहिलंच असेल. २०१८मध्ये मुलगा झाल्यावर पुन्हा उभी राहून जानेवारी २०२०मध्ये सानियाने होबार्टच्या स्पर्धेत दुहेरी जिंकली. अशा कारकिर्दीला 'पण' लावायला जीभ कशी वळते, मला खरंच कळत नाही.

दुसरी_सर्व्हिस
मीनलताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. सानियाची दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर करायची ती, मऊ होती आणि वरच्या खेळाडू तिच्यावर तुटून पडायच्या. २००५च्या यूएस ओपनच्या त्याच चौथ्या फेरीत शारापोव्हाने ६-२, ६-१ असा निकाल लावला. मनगट धडधाकट असतं तरी पहिल्या दहात शिरणं अवघडच होतं. दुहेरीत हिंगिस नेटवर, सानिया उजव्या बाजूला फोरहँड मारायला मोकळी. स्वतःचा खेळ इतका नेमका ओळखणारे कमी.

पुण्याचा_पालक
मुलगी स्पर्धा खेळते म्हणून लिहितोय. आजकाल काही पालक चौदा-पंधराव्या वर्षीच म्हणतात, "एकेरीत काही होणार नाही, दुहेरीकडे वळू." उदाहरण सानियाचं देतात. ते सपशेल चुकीचं आहे. दुहेरीच्या ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या यादीत, प्रवेश मिळवताना एकेरीचं रँकिंगही चालतं, म्हणून सुरुवातीला एकेरीचे गुण असलेली मुलगी मोठ्या स्पर्धांत लवकर शिरते. सानिया दुहेरीत मोठी झाली ती आधी एकेरीत २७वी होती म्हणून. आपली टेनिसपटू अंकिता रैना अहमदाबाद सोडून पुण्यात आली ती एकेरीसाठी घाम गाळायला. ऋतुजा भोसलेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तीही वर्षानुवर्षं एकेरी खेळलेली मुलगी.

बेसलाइनवाला
माझं दुखणं हेच तर आहे! सानियानंतर एकेरीत एकही भारतीय मुलगी पहिल्या शंभरात नाही. ती थोडी थांबली असती तर निदान एक तरी चेहरा समोर राहिला असता.

फिजिओ_ठाणे
चेहऱ्याने काय होतं? २००८च्या बंगळूरनंतर थेट २०२२च्या चेन्नईपर्यंत भारतात डब्ल्यूटीएच्या (महिला टेनिस संघटनेच्या) मुख्य मालिकेतली एकही स्पर्धा झाली नाही. मधे पुणे आणि मुंबईत खालच्या, १२५ दर्जाच्या झाल्या, तेवढ्याच. चौदा वर्षं! वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग नसतानाही आयोजकांकडून थेट प्रवेश, मिळवून घरच्या प्रेक्षकांपुढे पहिल्या पन्नासातल्या खेळाडूशी खेळण्याची संधी त्या काळातल्या मुलींना मिळालीच नाही. सानियाला हैदराबाद मिळालं होतं. यात तिने एकेरी सोडल्याचा दोष कुठे आला, ते सांगा.