शेवाळाचे ढीग: जेसीबी लावावा की समुद्रावर सोडावं?

भरतीओहोटी:
आमचा किनारा-सफाईचा गट आहे. यंदा भरतीबरोबर पातळ पानांचं हिरवं शेवाळ इतकं येतंय की ओहोटीला वाळू दिसत नाही. जुने ढीग वरून वाळून पांढरट झालेत, पाय पडला की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. निम्मे म्हणतात जेसीबीने एकदाच उपसू, निम्मे म्हणतात समुद्राने आणलं, समुद्रच नेईल. शाळकरी मुलंही येतात, म्हणून आधी विचारतोय.

खाजणकाठ:
मुलांना त्या ढिगांजवळ अजिबात नेऊ नका. ती पांढरी खपली म्हणजे झाकण आहे. आत हवा पोचत नाही, शेवाळ कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो आणि खपली फुटली की एकदम बाहेर पडतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं समजू नका, जास्त प्रमाणात हा वायू नाकच बधिर करतो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ मध्ये अशाच सडक्या शेवाळात एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११ मध्ये तिथल्याच एका खाडीच्या मुखाशी ३६ रानडुकरं मेली. जुने ढीग वायुमापक असलेल्या प्रशिक्षित माणसांनीच हलवावेत. तुम्ही दोरी बांधून फलक लावा.

तुमच्या गटाचं काम ताज्या शेवाळाचं. आलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दाताळ्याने ओढायचं, झटकून वाळू तिथेच पाडायची. जेसीबीचं बकेट शेवाळाबरोबर वाळूही नेतं, किनारा खचतो, आणि कासवांची घरटी असतील तर चिरडली जातात. भरतीरेषेवरचा पातळ पट्टा मात्र राहू द्या. त्यातल्या किड्यांवर पक्षी जगतात.

निळीशाई:
खत करता येईल ना? फुकट माल आहे.

खाजणकाठ:
हिरव्याचं होतं, मीठ धुऊन आणि पालापाचोळा मिसळून. तपकिरी, हवेच्या फुग्यांचं सरगॅसम असेल तर सावध राहा, त्यात आर्सेनिक बरंच असू शकतं. तपासल्याशिवाय भाजीच्या जमिनीत किंवा गुरांपुढे नको.

भरतीओहोटी:
म्हणजे दरवर्षी ओढतच बसायचं?

खाजणकाठ:
नुसतं ओढून संपणार नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतो. २००८ च्या ऑलिंपिकआधी चीनमधल्या चिंगदाओला नौकाशर्यतींचं पाणी मोकळं करायला दहा लाख टनांहून जास्त शेवाळ काढलं, तरी पुढच्या वर्षांतही ते येतच राहिलं. कारण उगम दूर दक्षिणेला, जिआंग्सूच्या किनाऱ्यावर नोरी, म्हणजे खाण्याचं शेवाळ, पिकवण्याच्या तराफ्यांवर. हंगाम संपला की दोरांवरचं हिरवं शेवाळ खरवडून पाण्यात सोडलं जायचं. ब्रिटनीत मूळ आहे शेतीतून आणि डुकरांच्या गोठ्यांतून नद्यांत उतरणारं नायट्रेट, म्हणजे शेवाळाला पोसणारं नत्र. सरगॅसमचं वेगळं, २०११ पासून ते खुल्या अटलांटिकमधून वाहत कॅरिबियनला येतं, तिथे उपग्रहचित्रं पाहून किनाऱ्याआधीच तरंगते अडसर लावतात.

तुमचं हिरवं आहे, म्हणून आधी जवळच्या ओढ्या-नाल्यांच्या मुखाशी पाण्यातलं नायट्रेट तपासा, पावसाआधी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर. आकडे हातात असले की सांडपाणी आणि खतांबद्दल कोणाच्या दारात जायचं ते कळेल. आणि काढलेलं शेवाळ ओढ्याकाठी टाकू नका, त्यातलं नत्र पुन्हा समुद्रातच जाईल.

भरतीओहोटी:
दोरी आजच बांधतो. पाण्याचे नमुने किती वेळात प्रयोगशाळेत पोचवायचे?

खाजणकाठ:
स्वच्छ बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी.