ईराचं तीन मिनिटांचं भाषण आणि म्योनेचं धरण

(सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार)

ओंकार सी-६०३: मंडळी, थोडी मदत हवी. ईराला शाळेत 'युद्धात मरण पावलेला वैमानिक' या विषयावर तीन मिनिटं बोलायचंय. तिने गाय गिब्सन निवडलाय, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश बॉम्बर पायलट. जन्म सिमल्याचा, १९१८ चा. वडील इथे वनखात्यात होते. जर्मनीची धरणं फोडली म्हणून व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. सावंत सर, तुम्ही हवाई दलातले, मसुद्यावर नजर टाकाल का?

सावंत सर बी-२०१: नक्की. लोहगावला कॅनबेरा बॉम्बर विमानावर होतो तेव्हा आमच्या मेसमध्ये हा विषय निघाला की चहा गार व्हायचा. जेवून लिहितो.

सचिव: कृपया लक्ष द्या. शनिवारी टाकी धुणार, सकाळी ११ ते ३ पाणी नाही. आधी भरून ठेवावे.

तेजस ए-४०२: धरणं फोडणाऱ्यावर चर्चा, आणि इथे आपलीच टाकी रिकामी 😄

सावंत सर बी-२०१: ओंकार, मसुद्यात 'शूर', 'धाडसी' फार वेळा आलंय. ते काढ आणि काय केलं ते सांग, म्हणजे मुलं ऐकतील. १६ मे १९४३ ची रात्र. इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टन तळावरून १९ लँकॅस्टर बॉम्बर विमानं निघाली, एकूण १३३ माणसं. तुकडी ६१७ नंबरची, तयार होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. प्रमुख गिब्सन, वय २४. रडारला दिसू नये म्हणून समुद्र आणि झाडं यांच्या अगदी डोक्यावरून गेली, त्यात काही विजेच्या तारांत अडकून पडली. ८ विमानं परत आलीच नाहीत. ५३ जण गेले, तिघे कैद झाले.

म्योने धरणावर पहिला बॉम्ब गिब्सनने स्वतः टाकला. धरण फुटलं नाही. दुसरं विमान तोफांनी पेटवलं. आता खरी गोष्ट. त्याचं काम झालं होतं, तो बाजूला घिरट्या घालत थांबू शकत होता. पण पुढची विमानं हल्ल्याला येताना हा बरोबरीने उडत राहिला, तोफा आपल्याकडे वळाव्यात म्हणून. व्हिक्टोरिया क्रॉस आहे तो यासाठी. बॉम्ब टाकायला धीर लागतोच, पण टाकून झाल्यावर रिकाम्या विमानाने परत तोफांसमोर जायचं ही वेगळी जात. पाचव्या बॉम्बनंतर धरण गेलं. मग उरलेली विमानं घेऊन एडर धरणावर गेला, तेही फुटलं.

माणूस म्हणून गोड वगैरे नव्हता हो. हाताखालच्यांशी तुसडा वागायचा असं त्याच्याच लोकांनी सांगून ठेवलंय. भाषणात नको, पण ईराला माहीत असू दे.

शिंदे काका (पाटबंधारे, निवृत्त) बी-५०४: मी जरा धरणाच्या बाजूने. बॉम्ब नुसता पाण्यात पडून उपयोग नसतो, भिंतीला चिकटून, पाण्याखाली फुटला तर मागचं पाणीच धक्का भिंतीवर दाबतं. पण पुढे टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारा बॉम्ब) अडवायची जाळी होती. बार्न्स वॉलिस नावाच्या इंजिनिअरने मग पिंपासारखा बॉम्ब काढला. तळ्यात चपटा दगड टप्पे खात जातो तसा तो जाळीवरून उड्या मारत जायचा. टाकायच्या आधीच विमानात उलटा फिरवायचे, मिनिटाला ५०० फेरे, म्हणजे भिंतीला आपटल्यावर तिलाच धरून खाली उतरतो. ९ मीटर खोलीवर स्फोट. वजन चार टनांच्या वर. टाकायची उंची फक्त १८ मीटर, म्हणजे ओंकारच्या गॅलरीएवढी, रात्री, ताशी ३७० किमी वेगाने. उंची मोजायला विमानाच्या पोटाला दोन दिवे लावले, त्यांचे झोत पाण्यावर एकत्र आले की समजायचं, बरोबर आहे.

आणि तिसरं धरण, झोर्पे. ते मातीच्या भरावाचं, ते फुटलं नाही. दगडी दोन्ही फुटली. आमच्या खात्यात हे ऐकून लोक गप्प व्हायचे, कारण आपलं पानशेत मातीचंच, आणि ते फुटायला बॉम्बही लागला नाही. काम पुरं व्हायच्या आत पाणी साठवलं, आउटलेटच्या मोरीवरचा भराव खचला.

तेजस ए-४०२: काका, पण ही तुलना जुळत नाही. ते युद्ध होतं, समोर हिटलर होता. जर्मनीतल्या रुहर या औद्योगिक भागातल्या कारखान्यांना पाणी आणि वीज म्योनेसारख्या धरणांतून जायची.

लेले आजी ए-१०४: तेजस, मी बोलू का? १२ जुलै १९६१ ला मी सातवीत होते, आम्ही नारायण पेठेत राहायचो. शाळेतून मधेच घरी पाठवलं. आईने देव आणि धाकट्याला घेतलं, दादाने शिवणाचं मशीन उचललं, आणि आम्ही पर्वतीकडे पळालो. वरून बघितलं तर लकडी पूल नव्हताच, नुसतं गढूळ पाणी. आमचा वाडा मातीचा, बसला. आदल्या रात्री जवानांनी पानशेतला पोती रचून बांध तोलून धरला म्हणून पाणी दिवसा आलं. रात्री आलं असतं तर आम्ही झोपेतच गेलो असतो. म्योनेचं पाणी कधी आलं?

सावंत सर बी-२०१: रात्रीच, आजी. साडेबारा-एकच्या सुमारास.

लेले आजी ए-१०४: मग खाली कोण होतं ते लिहा.

सावंत सर बी-२०१: लिहितो. धरणाखाली नेहाइम नावाचं गाव. तिथे छावणी होती, कारखान्यांत राबवायला पूर्वेकडून धरून आणलेल्या बायका, पुष्कळशा युक्रेनच्या. शेकडो तिथेच बुडाल्या. एकूण मृत दीड हजाराच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त परदेशी मजूर आणि युद्धकैदी. म्हणजे ज्यांना हिटलरने डांबलं, तेच सगळ्यात जास्त गेले. आणि धरण त्याच वर्षी पुन्हा बांधून उभं केलं.

तेजस ए-४०२: हे मला माहीत नव्हतं.

मेधाताई सी-३०१: पण म्हणून त्या पोराने चूक केली म्हणायचं का? तो २४ वर्षांचा. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सव्वा लाख उडणारे, त्यातले ५५,५७३ मेले. दर दहातले चार. सकाळी नाश्त्याला समोरची खुर्ची रिकामी असायची, मग ती रोज कोण मोजणार?

सावंत सर बी-२०१: चूक म्हणत नाही ताई. धरणाच्या हल्ल्याआधीच त्याच्या १७० च्या वर मोहिमा झाल्या होत्या. नंतर त्याला उडण्यापासून बाजूला काढलं, अमेरिका-कॅनडाला भाषणांना पाठवलं. तिथे करमेना, पुन्हा विमानात बसू द्या म्हणून मागे लागला. १९ सप्टेंबर १९४४ ला मॉस्किटो विमानात बसून बॉम्बफेकीचं दिग्दर्शन करायला गेला. परतताना हॉलंडमध्ये स्टेनबर्गनजवळ विमान पडलं. बरोबर नॅव्हिगेटर वॉरविक होता. दोघांच्या कबरी तिथेच. वय २६.

शिंदे काका बी-५०४: १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, धरणांना संरक्षण दिलंय. आज असा हल्ला करायचा तर आधी वकिलांना विचारावं लागेल.

ओंकार सी-६०३: सगळ्यांचे आभार. ईराने वाचलं. ती म्हणते तीन मिनिटांत एवढं बसत नाही, काय काढू?

सावंत सर बी-२०१: पदकांची यादी काढ. अमेरिकेचा दौराही काढ.

मेधाताई सी-३०१: सिमला एका वाक्यात.

लेले आजी ए-१०४: नेहाइम ठेव. आणि ईराला म्हणावं, संध्याकाळी ये, म्हणून दाखव. मी घड्याळ लावून बसते.