आपलं ढोंग आपणच सांगूया (अनुभव धागा)

धागाकर्ता, सातारा:
मागच्या रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधला मत्तय ५ होता. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव न् आधी जाऊन समेट कर. वाचणारा मीच. आणि माझा सख्खा भाऊ कराडला, वडिलांच्या घराच्या वाटणीवरनं पाच वर्षं बोलणं नाही. वाचून झालं, थैली फिरली, मी शंभराची नोट टाकली आणि घरी येऊन मटण खाल्लं. म्हणलं धागाच काढू. अट एकच, पाळकसाहेबांचं किंवा शेजाऱ्याचं नको, स्वतःचं लिहा.

हळदीचं पोतं, सांगली:
मी मार्केट यार्डात एका अडत्याकडं दिवाणजी होतो. पोत्यामागं किलो-दोन किलो घट धरायची, मालक सांगायचा, लिहायचो मी, त्यातलं थोडं मलाही मिळायचं. चर्चमध्ये मात्र खजिनदार, तिथं एक रुपया इकडचा तिकडं नाही, सगळे म्हणायचे हिशोबाला माणूस असावा तर असा. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या वर्गात, जक्कय शिकवत होतो, येशूला बघायला उंबरावर चढलेला जकातदार, फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला तो, तर एका पोरीनं विचारलं, काका, त्यानं कुणाचे किती घेतले ते लिहून ठेवलं होतं का, चौपट द्यायचे तर यादी पाहिजे ना? माझ्याकडं यादी होती ओ, अख्खी वहीच होती. चौपट काही जमलं नाही, पण जेवढं होतं तेवढं घेऊन ओळखीच्या एका शेतकऱ्याकडं गेलो तर तो पैसेच घेईना, त्याला वाटलं ह्यात काहीतरी लफडं आहे, चहा पाजला न् म्हणाला, दिवाणजी, आधी सांगा सही कुठं करायचीय. नोकरी सोडली ती त्यानंतर चार महिन्यांनी, लगेच नाही. तेही लिहितो, कारण चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे आपण कसे बदललो ते सांगताना, आपल्याकडं हे मधले चार महिने नेमके गाळले जातात.

रात्रपाळी, मिरज:
मिशनरी वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला, आमच्या घरात पणजीपासून नर्सिंग, त्यामुळं सेवा हा शब्द आमच्या तोंडात फार पटकन येतो. मी दुसऱ्या एका ठिकाणी आहे. पेशंटच्या उशाशी उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायला मला आवडायचं, आवाज छान आहे म्हणायचे. एका रात्री अथणीकडची एक आजी होती, मराठी येईना, तीनदा हातानं खुणा करून बेडपॅन मागितलं, तिसऱ्यांदा मी ओरडले, आणि पाचच मिनिटांत शेजारच्या बेडपाशी डोळे मिटून प्रभूचं नाव. डोळे उघडले तर आजी माझ्याकडंच बघत होती. आता आधी बेडपॅन, मग प्रार्थना, तीही मनात.

गावभाग, सांगली:
ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर. आमच्या तरुण संघानं धान्याची किट वाटली, प्रत्येकासोबत फोटो. एका बाईनं तोंडावर पदर घेतला तर आमच्यातला एकजण म्हणाला, ताई, पदर जरा खाली घ्या. तो एकजण मीच. डाव्या हाताला कळू नये म्हणतात, आमच्या स्टेटसला दोन दिवस होतं.

नाव नको, सातारा:
रेव्हरंड टिळकांनी (ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक) १९१७ मध्ये इथं साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे एकत्र. आम्ही हे भाषणात सांगतो, मी स्वतः सांगितलंय. पण मुलीला स्थळ आलं, मुलगा विश्वासू, नोकरी चांगली, तर फोनवर माझा पहिला प्रश्न काय, तुमचं मूळ गाव कुठलं, आणि पूर्वीचं आडनाव? ज्याला कळायचं त्याला कळतं. त्यांनाही कळलं. मुलगी शेजारीच बसलेली. पुढं काही झालं नाही. मी तिला सॉरी म्हणालो तर म्हणाली, मला कशाला, त्यांना म्हणा. फोन अजून केलेला नाही.

हळदीचं पोतं, सांगली:
नाव नको, करा ओ फोन. फार तर सही कुठं करायची विचारतील.

धागाकर्ता, सातारा:
काल कराडला जाऊन आलो. भाऊ दारातच उभा, आत ये म्हणला नाही, वहिनींनीच पाणी आणून दिलं न् खुर्ची टाकली. घराचा विषय मी काढणार नव्हतो, त्यानंच काढला आणि तासभर परत तीच भांडणं. उठलो तर म्हणला साडेसहाची एसटी आहे, स्टँडवर सोडतो. गाडीवर दोघंही काही बोललो नाही. हेल्मेट त्यानं मला दिलं होतं.