प्रतिसाद: व्हॅनमधला गिझर
भावा, फिरतीच्या, राहायच्या व्हॅनच्या बाथरूममध्येच घरातला सहा लिटरचा गॅस गिझर बसवायचा म्हणतोयस, तेवढं करू नकोस. बंद जागेत तो आतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो. त्याला ना वास, ना रंग. हवा बाहेरून घेणारा, धूर बाहेरच टाकणारा सीलबंद प्रकारच बघ. विजेचा इन्स्टंट तर विसरच: ३ किलोवॅट म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २५० अँपिअर इतका प्रचंड प्रवाह!

माझी गंमत वेगळीच. डिसेंबरात गगनबावड्याला माझ्या व्हॅनमध्ये मुक्काम, अंगाला साबण लावलेला, आणि पाण्याचा पंप धक्के देत चालल्यानं गिझरची ज्योत सारखी विझायची. पेटली की कढत, विझली की बर्फ. शेवटी आईच्या तांब्याच्या बंबाची आठवण काढत गार पाण्यानंच उरकलं. नंतर पंपापुढं पाण्याचा दाब सारखा ठेवणारी छोटी प्रेशर टाकी बसवली, तेव्हा धार सरळ झाली.